तळे राखील तो...

अंतिम वर्षाचा निरोपसमारंभ जवळ आला की आपल्या महाविद्यालयाच्या आवारात एक प्रश्न दरवर्षी फिरू लागतो. कुणी तो चहाच्या टपरीवर काढतो, कुणी वाचनालयाच्या पायऱ्यांवर. नोकरीची, पोटापाण्याची कसलीच चिंता नसती, तर तू आयुष्यभर कुठे राहिला असतास? प्रश्न गमतीचा असतो आणि उत्तरेही गमतीनेच दिली जातात. यंदा मी ही उत्तरे वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवली. गोवा सर्वांत पुढे. त्याखालोखाल मनाली, मग महाबळेश्वर आणि केरळ. एकाला स्वित्झर्लंड हवे होते; त्याने ते चित्रपटातल्या गाण्यांत पाहिले आहे. दोघींनी पुणे सांगितले आणि कारण विचारल्यावर 'तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही' असे उत्तर दिले. प्राध्यापक मंडळींपैकी एका सरांनी कोकणातले नारळी-पोफळीच्या सावलीतले घर सांगितले आणि 'निवृत्तीनंतर बघू' अशी पुस्तीही लगेच जोडली.

गोंदिया कुणीही म्हटले नाही. आमगाव, देवरी, सालेकसा, तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. आठही तालुक्यांची मुले आपल्या वर्गात आहेत आणि आठांपैकी एकाही तालुक्याचे नाव त्या यादीत आले नाही. यात आश्चर्य वाटण्याजोगे फारसे काही नाही. आपल्या जिल्ह्याची ओळख आपण बाहेरच्यांना देतो ती जंक्शन म्हणून, धानाच्या गिरण्यांसाठी आणि विडीच्या पानासाठी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, म्हणजे वयाने तो आपल्याहून थोडासाच मोठा. या अवधीत आपल्या मनात एक समीकरण मात्र घट्ट बसले आहे. जो निघून गेला तो मार्गी लागला आणि जो इथे राहिला त्याचे काही जमले नाही.

मला या खेळाविषयी दोन शब्द लिहायचे आहेत. प्रश्न पोरकट आहे असे मी मानत नाही. उलट, माणसाला कुठे राहावेसे वाटते हा त्याच्याविषयीचा फार मोठा प्रश्न आहे. पण तो आपण ज्या अटीवर विचारतो, त्या अटीतच एक घोटाळा आहे. 'नोकरीची चिंता नसती तर' असे म्हणताना आपण नोकरी आणि काम हे दोन शब्द एकच समजतो. नोकरी वजा केली की काम वजा झाले, काम वजा झाले की उरला तो नुसता देखावा, आणि मग देखाव्यात सर्वांत सुंदर कोण एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. त्या स्पर्धेत गोवा जिंकणार हे उघड आहे. परंतु देखावा पाहायला चार दिवस पुरतात. पाचव्या दिवशी सकाळी उठून करायचे काय?

नोकरीची चिंता अचानक नाहीशी झाली, किंबहुना नोकरीच नाहीशी झाली, तर माणसे कुठे जातात, हे आपण एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शहरांतली कामे एका रात्रीत थांबली. आपल्या देवरीवरून छत्तीसगडात जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्या एप्रिल-मे महिन्यांत माणसांनी भरून गेला होता. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरे, पायांत तुटलेल्या चपला. नागपूरकडून, पुण्या-मुंबईकडून ती माणसे चालत येत होती आणि पूर्वेकडे जात होती. हैदराबादेकडे कामाला गेलेली आपल्या जिल्ह्यातली माणसेही अशीच परतली. त्या रस्त्यावरचा कुणीही मनालीला निघाला नव्हता. जो तो आपल्या गावाकडे चालला होता.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की माणसाचे स्वप्नातले ठिकाण म्हणजे त्याचे गाव. एवढे सोपे ते नाही. कारण काही महिन्यांनी त्यातली पुष्कळ माणसे परत शहरांकडे गेली. गावाने त्यांना आसरा दिला, पण काम दिले नाही. धान कापून, चुरून घरात आले की आपल्या खेड्यांतून आजही माणसे बाहेर पडतातच. ओढ खरी आहे आणि जाणेही खरे आहे.

ही ओढाताण आजची नव्हे. आपल्या जिल्ह्याशी ज्याचे नाव जोडले जाते असा सर्वांत जुना साहित्यिक म्हणजे आठव्या शतकातला भवभूती. आपले घराणे पद्मपूरचे असे त्याने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत सांगितले आहे आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे मानले. पुढे तो कनोजच्या यशोवर्मा राजाच्या दरबारी होता. आपल्या वर्गातल्या एखाद्या हुशार मुलाने पुण्याला जावे तसाच हा आपला कवी गुणांचे चीज होईल अशा जागी गेलेला दिसतो. पदमपूरच्या परिसरात त्याच्या गुणांना वाव देणारी कोणती जागा असणार?

त्याच भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक आपल्यापैकी संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. वनवास संपला आहे. रामाचा राज्याभिषेक झाला आहे. लक्ष्मण त्या दोघांना वनवासातल्या प्रसंगांची चित्रे दाखवतो. आता सीतेची स्थिती पाहा. ती अयोध्येची राणी आहे. पोटाची चिंता नाही, निवाऱ्याची नाही, भविष्याची नाही. आपल्या खेळातली अट तिच्या बाबतीत तंतोतंत पूर्ण झालेली आहे. आणि चित्रे पाहून झाल्यावर ती मागते काय? त्या शांत रानांतून पुन्हा एकदा हिंडावे आणि भागीरथीच्या पाण्यात उतरावे. राजवाड्यात बसून तिला आठवते ती वनवासाची जागा, जिथे ऊन होते, काटे होते, राक्षस होते.

असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर भवभूतीने तिसऱ्या अंकात दिले आहे. सीतेचा त्याग होऊन बारा वर्षे लोटली आहेत. राम पंचवटीत परत येतो आणि सीतेची मैत्रीण वासंती ही वनदेवता त्याला ती जागा दाखवते. ती धबधबे किंवा डोंगरकडे दाखवीत बसत नाही. सीतेने पाणी घालून वाढवलेला कदंब ती दाखवते. सीतेने आपल्या हाताने पाला भरवून वाढवलेले हत्तीचे पिल्लू दाखवते. सीतेने टाळ्या वाजवून नाचायला शिकवलेला मोर दाखवते. त्या रानात सीतेने हात गुंतवले होते. राजवाड्यात कदंबाला पाणी घालायला माळी असणार. रान तिचे झाले ते तिथल्या रोजच्या कामामुळे, आणि म्हणून तिला तिथेच परत जावेसे वाटले.

या दृष्टीने आपल्या जिल्ह्याकडे पाहिले की माझे उत्तर मला सापडते. मला नवेगावबांधला राहायला आवडेल. आमचे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातच आहे, त्यामुळे हे उत्तर ऐकून मैत्रिणी हसतात. त्यांच्या मते हे स्वप्न नव्हे, हा तर पत्ता झाला. हसणाऱ्यांनी थोडे ऐकून घ्यावे.

नवेगावचा तलाव सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेला आहे. भोवती डोंगर आहेत. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुके असते आणि दूरदेशीची बदके उतरलेली असतात. सहलीला येणारा माणूस हे पाहून 'निसर्गाची किमया' असे म्हणतो आणि फोटो काढून जातो. पण हा तलाव निसर्गाने केलेला नाही. १८व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. डोंगरांमधल्या खिंडी पाळ घालून बुजवल्या आणि पावसाचे पाणी अडवले. कोलू पाटलांना लोकांनी पुढे देव मानले. तलावाकाठच्या एका डोंगरावर कोलासूर या नावाने त्यांचे ठाणे आहे. आसपासच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात आणि या सात बहिणींनी तलाव बांधायला मदत केली अशी कथा आहे. बांध घालणाऱ्या माणसाचा देव होतो आणि डोंगर त्याच्या हाताखाली राबतात, अशी ही आपल्या मुलखाची कल्पना आहे.

कोहळ्यांनी बांधलेल्या अशा तलावांनी आणि बोड्यांनी भंडारा-गोंदियाचा सगळा प्रदेश भरलेला आहे. मालगुजारीच्या काळानंतर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणू लागले आणि लोकांनी त्याचे सुटसुटीत 'मामा तलाव' केले. हे तलाव नुसते बांधून भागत नाही. पाळ फुटते ती दुरुस्त करावी लागते, गाळ उपसावा लागतो, पाट मोकळे ठेवावे लागतात, कुणाच्या बांधीला आधी पाणी आणि कुणाच्या नंतर हे भांडत-तंडत ठरवावे लागते. ज्या गावाने हे केले त्याचा तलाव राहिला. ज्या गावाने सोडून दिले तिथे बेशरमची झाडी माजली. 'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण आज लाचखोराला उद्देशून वापरतो. तलावांच्या मुलखात ती अगदी सरळ अर्थानेही खरी आहे, याची कधी कधी आठवण ठेवायला हरकत नाही.

नवेगावबांध महाराष्ट्राच्या वाचकांना ठाऊक झाले ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात नोकरीला लागला आणि बदलीच्या निमित्ताने इकडे आला. म्हणजे नवेगाव त्यांनी स्वप्न म्हणून निवडलेले नव्हते. सरकारी हुकमाने ते त्यांच्या वाट्याला आले होते. पुढचे सारे मात्र त्यांनी स्वतः केले. माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणकार स्थानिक माणसाबरोबर ते रानात आणि तलावाकाठी हिंडले. पक्ष्यांची, झाडांची, माशांची इथल्या लोकांच्या तोंडची नावे त्यांनी ऐकली आणि टिपली. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. 'नवेगावबांधचे दिवस' या नावाचे त्यांचे पुस्तकच आहे. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात त्यांचे निधन झाले. एका बदलीच्या गावावर माणसाने किती जीव लावावा याचे हे उदाहरण आहे. त्याच गावी त्यांच्याआधी आणि त्यांच्यानंतर कितीतरी अधिकारी बदलून आले असतील आणि बदली रद्द कशी करून घ्यावी या विवंचनेत दिवस काढून गेले असतील. जागा तीच होती, पगारही सारखाच असणार.

व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत नोकरीला होते. तेही आपल्याकडच्या नागझिऱ्याच्या जंगलात येऊन राहिले आणि 'नागझिरा' हे पुस्तक लिहून गेले. पलीकडे अमेरिकेत थोरो नावाचा लेखक ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला. इंग्रजीच्या तासाला आपण त्याच्याविषयी ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे एक स्वस्थ बसलेला तत्त्वज्ञ येतो. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी त्याने सुमारे अडीच एकर जमीन कसून तीत मुख्यतः घेवडा लावला होता आणि रोज पहाटे तो तण काढत होता. नोकरीपासून तो दूर गेला होता, कामापासून नव्हे. दोन वर्षे दोन महिन्यांनी तो तिथून निघालाही.

इथवर वाचून एखादा मित्र म्हणेल, हे सगळे लिहायला ठीक आहे. तुला रोवणी करावी लागत नाही म्हणून तुला तलाव सुंदर दिसतो. आक्षेप योग्य आहे, फक्त माझ्या बाबतीत लागू नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावताना कमरेचे काय होते हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. मे महिन्यात आमच्या घराची कौले किती तापतात हेही मला माहीत आहे. पावसाळ्यात हिवताप येतो. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे तर गाडी शोधत फिरावे लागते. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर मुलीने काय करावे याचे उत्तर कुणाजवळ नसते. ज्यांनी पुणे निवडले आणि 'तिथे कुणी ओळखत नाही' असे कारण दिले, त्या मैत्रिणींवर मी टीका करणार नाही. गावात प्रत्येक जण ओळखतो, आणि ओळखतो म्हणजे लक्ष ठेवतो. त्या दोघींना हवी आहे ती मोकळी हवा, आणि ती मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

किंबहुना या खेळातली गंमत मुलींच्या बाबतीत थोडी कडूच आहे. मुलग्याने स्वप्नातले ठिकाण सांगितले की त्याच्या आड येते ती नोकरी. मुलीने सांगितले की तिच्या आड नोकरीच्याही आधी दुसरी एक गोष्ट येते. 'दिल्या घरी सुखी राहा' असा आशीर्वाद आपल्याकडे लेकीला देतात. त्यात घर दिलेले असते. ते निवडलेले असू शकेल ही शक्यता त्या आशीर्वादाला सुचलेलीही नाही. माझ्यासाठी नागपूरकडची दोन स्थळे सांगून आली आहेत. स्थळे चांगली आहेत, माणसे सुशिक्षित आहेत. मला कुठल्या गावी राहायला आवडेल, हे मात्र अजून कुणी विचारलेले नाही. विचारणाऱ्याचा त्यात काही दुष्टपणा आहे असेही नाही. प्रश्नच त्यांच्या मनात येत नाही. माझी आई लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिलाही कुणी विचारले नव्हते. पंचवीस वर्षे तिने या गावच्या चिखलात रोवणी केली. परसातली लिंबोणी, शेवगा, कढीपत्ता सगळे तिच्या हातचे. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. पण उद्या तिच्या कामाच्या खुणा पाहत कुणी वासंती या गावातून फिरली, तर तिला सर्वांत जास्त खुणा आईच्याच सापडतील.

आणि म्हणून भवभूतीच्या त्या पहिल्या अंकातली पुढची गोष्ट मला विसरता येत नाही. सीतेने रानात जाण्याची इच्छा सांगितली. राम प्रसन्न झाला, रथ जोडायला सांगितले. मग दुर्मुख लोकापवादाची बातमी घेऊन आला, आणि त्याच रथातून, तिच्याच इच्छेच्या निमित्ताने, सीतेला कायमचे रानात पाठवण्यात आले. जाण्याची जागा तीच होती. पण जिथे स्वतःच्या मनाने जायचे होते तिथे टाकून दिले जाणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आवडत्या जागी राहणे म्हणजे काय याचा विचार करताना हे अंतर विसरून चालणार नाही. जागा कितीही सुंदर असो, 'मी इथे राहीन' हे वाक्य ज्याचे त्याने उच्चारलेले असले पाहिजे.

जागा निवडता न येणाऱ्यांची एक वस्ती आपल्याच जिल्ह्यात आहे. इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडजवळ तिबेटी निर्वासितांचे गाव आहे. १९५९ नंतर देश सोडून आलेल्या लोकांना देशभर ठिकठिकाणी वसवले गेले, त्यांत १९७२ साली ही वसाहत झाली. बर्फाच्या देशातली माणसे, आणि वाट्याला आला तो आपला उन्हाळा! नोकरीची अट घाला किंवा काढा, स्वप्नात त्यांना कुठले ठिकाण दिसत असेल हे सांगायला नको. तरी त्यांनी इथे शेती केली, प्रार्थनामंदिर उभारले, मुलांना आपली भाषा शिकवली, आणि हिवाळा आला की स्वेटर विकायला ते शहरांकडे जातात. तिथल्या पताका वाऱ्यावर फडफडताना पाहिल्या की मला वाटते, मनातली जागा आणि पायाखालची जागा वेगळी असतानाही माणूस पायाखालच्या जागेचे ऋण फेडू शकतो. आपल्याला तर या दोन्ही जागा एक करण्याची संधी आहे.

संधी आहे असे मी म्हणते ते उगाच धीर देण्यासाठी नव्हे. इथे काय काम आहे, असे आपण विचारतो. ते काम करणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या स्त्रियांनी तलावांतली बेशरम उपटून काढली आणि मासळीला उपयोगी अशा देशी पाणवनस्पती लावल्या. देवरी तालुक्यातल्या काही ग्रामसभांनी २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन सामूहिक हक्क मिळवले आणि तेंदूपानांचा व्यवहार ठेकेदाराच्या हातून आपल्या हाती घेतला. गोंदिया आणि तिरोडा तालुक्यांत सारस पक्षी धानाच्या बांधीत घरटे करतो. माणसाएवढा उंच असा हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः आपल्याकडेच उरला आहे, तोही अगदी थोडा. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाने आदेश दिले तरी घरट्याची राखण शेवटी त्या शेतकऱ्यालाच करावी लागते, आणि कितीतरी शेतकरी ती करीत आहेत.

या कामांत कला शाखेच्या पदवीचा उपयोग काय, असे आपले विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. मला तरी तो दिसतो. तलावाच्या काठी वाढलेल्या म्हाताऱ्या बायांना पाणवनस्पतींची आणि माशांची जी नावे येतात, ती झाडीबोलीतली नावे कुणी नीट लिहून काढली आहेत का? डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास करून रस्ता घालून दिला आहे. त्या रस्त्याने जाणारे आपल्यापैकी किती? ग्रामसभेला ठराव लिहून देणारा, वनहक्काचा दावा वाचून समजावून सांगणारा, मासेमारी संस्थेचे हिशेब ठेवणारा माणूस लागतो. इतिहास शिकलेल्याला मालगुजारीच्या जुन्या नोंदी वाचता आल्या तर कोणत्या बोडीवर कोणाचा हक्क हे भांडण सुटू शकते. या कामांना आज पगार नाही, किंवा अगदी तुटपुंजा आहे, हे मी नाकारत नाही. नेमका तिथेच आपल्या खेळातल्या प्रश्नाचा उपयोग आहे. 'नोकरीची चिंता नसती तर' हा उसासा न राहता त्याची मागणी व्हायला हवी. ज्याला इथे राहून हे काम करायचे आहे त्याची पोटाची चिंता कशी मिटेल, हे आपण ग्रामपंचायतीला, जिल्हा परिषदेला, विद्यापीठाला आणि स्वतःलाही विचारले पाहिजे. सगळ्यांनी इथेच राहावे असा माझा आग्रह मुळीच नाही. ज्याला जायचे आहे त्याने आनंदाने जावे. भवभूती गेला म्हणून आपले काही बिघडले नाही. परंतु ज्याला राहायचे आहे त्याला 'याचे काही जमले नाही' असे म्हणायचे आपण बंद करू या.

तर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वर्षी हा खेळ खेळाल तेव्हा त्यात एका प्रश्नाची भर घाला, एवढीच विनंती. कुठे राहशील हे विचारून झाल्यावर, तिथे सकाळी उठून काय करशील, हेही विचारा. ज्याला याचे उत्तर देता येईल त्याचे गोवाही खरे आणि मनालीही खरी. माझ्यापुरते उत्तर तयार आहे. नवेगावबांधच्या पाळीजवळ एक कौलारू घर, सकाळी शाळेत शिकवणे, दुपारी म्हाताऱ्या बायांकडून शब्द गोळा करणे आणि रोवणीच्या दिवसांत आईच्या मदतीला जाणे. बी. एड.चा अर्ज मी भरला आहे. बाबांशी मात्र अजून बोलायचे आहे. हा अंक छापून तुमच्या हाती पडेपर्यंत ते बोलणे झालेले असेल.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. अंतिम वर्ष